पाणी आणि धातूचे अंग



पितळी तांब्या चिंचेने घासून विसळला की पाणी त्याच्या अंगावर सलग पसरते. तोच तांब्या आठवडाभर फळीवर राहू द्या आणि मग पाणी शिंपडा. आता थेंब थेंब होऊन ते ओघळते. तांब्या तोच, पाणीही तेच. मग मधल्या दिवसांत बदलले काय?

बदलली ती तांब्याची कातडी. नुकत्याच घासलेल्या धातूच्या वरच्या थरातील अणूंची ओढ भागलेली नसते, म्हणून ते पाण्याला जवळ करतात. पण ते हवेतील तेलकट वाफांनाही जवळ करतात, आणि स्वयंपाकघरात फोडणीच्या कृपेने त्यांचा तुटवडा नसतो! एका रेणूच्या जाडीचा थर बसला तरी पुरे. मग पाण्याची गाठ धातूशी पडतच नाही, तेलाशी पडते.

सोन्याच्या बाबतीत तर शास्त्रज्ञांमध्येच वाद होता. शुद्ध सोन्यावर पाणी पसरते, असे काही म्हणत. काही म्हणत, थेंब उभा राहतो. १९७० साली श्रेडर यांनी अतिशय उच्च निर्वातात, हवेची बाधा टाळून, प्रयोग केला. पाणी पूर्ण पसरले. सराफ्यातल्या अंगठीवर जो थेंब टिकतो, तो सोन्यावरच्या मळावर टिकतो.

पृष्ठभाग खरखरीत असला की हे सारे अधिक ठळक होते. वेन्झेल यांनी १९३६ साली दाखविले की, खडबडीतपणामुळे पाण्याची आवड असेल तर ती वाढते आणि नावड असेल तर तीही वाढते. २००९ साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात लेसरने धातूंवर सूक्ष्म उंचवटे कोरले, तेव्हा ताज्या पत्र्यांनी पाणी झटकन पसरवून घेतले. तेच पत्रे काही दिवस हवेत राहिल्यावर थेंब त्यांवरून घरंगळू लागले. म्हणून ‘पाण्याला कायमचा दूर ठेवणारा धातू’ अशी जाहिरात दिसली, तर आम्ही एवढेच विचारू: वरचा थर झिजल्यावर काय?

आपल्या शहरातील बिदरीचे कारागीर ही कातडी हाताने घडवितात. जस्तात थोडे तांबे मिसळलेल्या भांड्यावर चांदी ठोकतात, नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातील माती यांच्या लेपाने जस्त काळे करतात आणि शेवटी तेल चोळतात. तेलाने काळेपणा खुलतो आणि पाणीही दूर राहते. असे भांडे साबणाने खसखसून धुणे म्हणजे कारागिराचा शेवटचा हात पुसून टाकणे होय.

वाळूज-चिकलठाण्याकडील मुलाम्याच्या आणि रंगाच्या कामात मात्र नेमके उलटे हवे असते. जॉबवर वंगणाचा अंश राहिला, तर मुलामा पोपडे धरून सुटतो, रंगाखाली गंज शिरतो आणि सारा माल परत येतो. यासाठी एक बिनखर्ची कसोटी आहे. धुतलेला जॉब पाण्यातून वर काढावा आणि अर्धा मिनिट पाहावा. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर जॉब पुढे न्यावा. फाटून थेंब झाले, तर त्या जागी तेल आहे.

मात्र ही कसोटी फसतेही. धुण्याच्या द्रावणातील साबण अंगावर उरला असेल, तर तेलावरही पडदा अखंड दिसतो. म्हणून जाणता कारागीर जॉब आधी सौम्य आम्लात बुडवितो, पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढतो, आणि मगच पडद्याकडे पाहतो.