फिजिओथेरपीचे प्राध्यापक : पूर्वानुभव आणि अध्यापन
(खुलताबाद येथील परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

महाराष्ट्रात फिजिओथेरपी शिकवणारा प्राध्यापक आज बहुधा याच विषयाचा पदवीधर आणि पदव्युत्तर असतो, अनेकांनी पीएच.डी.ही याच विषयात केलेली असते. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वी देशात असा माणूस मिळणे अवघड होते. तेव्हा शिकवणारे इतर व्यवसायांतून किंवा परदेशातून आले आणि येताना आपापला अनुभव घेऊन आले. कोणी पोलिओ पाहिला होता, कोणी युद्धातले जखमी, कोणी व्यायामशाळा. त्या अनुभवाप्रमाणे अभ्यासक्रमाला आकार आला. त्यामुळे विद्यापीठात हा विषय काय शिकवला जातो आणि काय सुटते, हे समजून घ्यायचे तर शिकवणारे कोठून आले, हे आधी पाहावे लागते.

जगभर या विषयाचे पहिले शिक्षक तीन वाटांनी आले. पहिली वाट व्यायामाची. स्वीडनमधील पेर हेन्रिक लिंग हे तलवारबाजीचे शिक्षक. त्यांनी 1813 मध्ये स्टॉकहोममध्ये व्यायामविद्येची राजमान्य संस्था सुरू केली आणि शरीराच्या हालचालींना उपचाराची शिस्त लावली. दुसरी वाट शुश्रूषेची. लंडनमध्ये 1894 साली चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मर्दनकारांची संस्था काढली. ब्रिटनमधील आजची फिजिओथेरपिस्टांची सनदी संस्था हे तिचेच पुढचे रूप. तिसरी वाट युद्धाची. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांना पुन्हा चालते करण्यासाठी अमेरिकेने स्त्रियांची पथके तयार केली. त्यांतील मेरी मॅकमिलन 1921 मध्ये तेथील पहिल्या व्यावसायिक संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. या तिन्ही वाटांवर डॉक्टर होते ते देखरेखीला; प्रत्यक्ष रुग्णाला हात लावून काम करणारे आणि ते काम दुसऱ्याला शिकवणारे मात्र वेगळेच होते.

भारतात या विषयाची सुरुवात मुंबईत आणि पोलिओमुळे झाली. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी उपचाराचा शोध घेतला आणि 1947 मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी मुंबईत संस्था उभी केली. त्या ना डॉक्टर होत्या ना परिचारिका. सार्वजनिक कामातल्या कार्यकर्त्या होत्या. त्यानंतरच्या काही वर्षांत शहरात पोलिओच्या साथी आल्या आणि 1950 च्या दशकाच्या आरंभी केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे प्रशिक्षण सुरू झाले. मुंबई महापालिका, सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा त्यात हातभार होता. पहिल्या तुकड्यांना शिकवण्यासाठी परदेशी तज्ज्ञ आले आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी पुढे अध्यापक झाले. त्याच रुग्णालयात 1950 मध्ये व्यवसायोपचाराची शाळा उघडणाऱ्या कमला निंबकर या जन्माने अमेरिकी होत्या. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 ची आणि भारतीय फिजिओथेरपिस्ट संघही त्याच वर्षीचा. फिजिओथेरपीच्या जागतिक महासंघाचे सदस्यत्व या संघाला 1967 मध्ये मिळाले. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र त्याआधी, 1944 पासून, लष्करी जखमींसाठी काम करत होते.

या पहिल्या पिढीने काय शिकवले, हे तिच्या रुग्णांनी ठरवले. पोलिओत संवेदना शाबूत राहते आणि स्नायूंची ताकद जाते. म्हणून एकेका स्नायूची ताकद 0 ते 5 या मोजपट्टीवर लावणे हा अभ्यासाचा कणा झाला. शून्य म्हणजे स्नायू हलतच नाही, तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलता येतो, पाच म्हणजे पूर्ण ताकद. कॅलिपर, कुबड्या, कोमट पाण्यातले व्यायाम, आखडलेले सांधे ताणून मोकळे करणे हे सगळे त्या काळच्या वॉर्डांतून वर्गात आले. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत आढळला आणि 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण स्नायूंची ती मोजणी पदवीच्या परीक्षेत आजही विचारली जाते. रोग गेला तरी त्याने घडवलेल्या शिक्षकांची शिकवण टिकते ती अशी.

दुसऱ्या पिढीचे क्षेत्र रुंद झाले. कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करण्याचे काम वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी आणि मुंबईत डॉ. नोशिर अंटिया यांनी केले. एका स्नायूचे काम दुसऱ्याकडून करून घ्यायचे, तर शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर हाताला नवे वळण लावावे लागते. ते लावणारे फिजिओथेरपिस्ट पुढे हाताच्या उपचाराचे शिक्षक झाले. अस्थिरोग विभागांत सांधेरोपण वाढले, छातीच्या शस्त्रक्रिया वाढल्या, अतिदक्षता विभाग आले. कफ काढणे, श्वासाचे व्यायाम, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला लवकर उठवून बसवणे यांत हात बसलेले लोक हृदय-श्वसन शाखेचे प्राध्यापक झाले. 2020 च्या साथीत या शाखेची गरज सर्वसामान्यांनाही दिसली.

पक्षाघात आणि मुलांमधील मेंदूचा पक्षाघात यांच्या उपचारांतही तोच क्रम दिसतो. बर्टा बोबाथ मुळात व्यायाम शिकवणाऱ्या. पती कॅरल बोबाथ हे डॉक्टर. दोघांनी मिळून लंडनमध्ये बसवलेली पद्धत आज प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. डॉ. हर्मन कॅबट आणि फिजिओथेरपिस्ट मार्गारेट नॉट यांची जोडीही अशीच. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड, न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेन्झी आणि ब्रायन मुलिगन हे तिघेही रोज रुग्ण तपासणारे फिजिओथेरपिस्ट. त्यांच्या पद्धती तपासणीच्या खोलीत तयार झाल्या आणि तेथून ग्रंथांत गेल्या.

महाराष्ट्रात 1998 मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यभरची फिजिओथेरपी महाविद्यालये त्याच्या छत्राखाली आली. त्यापूर्वी ती आपापल्या भागातील विद्यापीठांना जोडलेली होती. मुंबईत केईएम, नायर आणि शीव या पालिका रुग्णालयांच्या महाविद्यालयांत तसेच नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात हा विषय रुग्णालयाच्या आवारातच शिकवला जातो. पुढे खासगी महाविद्यालये आणि अभिमत विद्यापीठे आली. छत्रपती संभाजीनगरातील महात्मा गांधी मिशनचे फिजिओथेरपी महाविद्यालय कामोठ्याच्या अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. व्यवसायाच्या नोंदणीसाठी राज्यात 2002 चा कायदा झाला, तर 2021 च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय आयोग आणला. आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी सहा महिन्यांच्या अंतर्वासितेसह साडेचार वर्षांची होती. राष्ट्रीय आयोगाच्या 2025 च्या अभ्यासक्रमात ती एका वर्षाच्या अंतर्वासितेसह पाच वर्षांची आहे.

अशा महाविद्यालयातील शिक्षकवर्गात पार्श्वभूमीनुसार तीन गट असतात. पहिला गट वैद्यकीय शिक्षकांचा. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, अस्थिरोग, मज्जारोग हे विषय बहुतेक ठिकाणी एमडी किंवा एमएस झालेले डॉक्टर शिकवतात. त्यांच्यामुळे पाया पक्का होतो. मात्र त्यांचा बराच वेळ एमबीबीएसच्या वर्गांत जात असल्याने शिकवण्याचा रोखही तिकडचाच राहतो. दुसरा गट फिजिओथेरपीच्या शिक्षकांचा. सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक या पायऱ्यांवर तोच असतो आणि त्यातील प्रत्येकाची पदव्युत्तर शाखा ठरलेली असते : स्नायू-अस्थी, मज्जासंस्था, हृदय-श्वसन, सामुदायिक, क्रीडा, बालरोग. तिसरा गट लहान आणि बाहेरून येणारा : मानसशास्त्र, संशोधनपद्धती व संख्याशास्त्र, योग, कृत्रिम अवयव तंत्र यांचे जाणकार.

दुसऱ्या गटाची आजची वाटचाल पाहिली तर एक बदल लक्षात येतो. जुन्या शिक्षकांपैकी बहुतेकांनी आधी वॉर्डात काम केले आणि मग वर्गात पाऊल ठेवले. आता पदवी, लगेच पदव्युत्तर शिक्षण, लगेच सहायक प्राध्यापकपद आणि पुढे पीएच.डी. असा सरळ रस्ता मोकळा झाला आहे. यात शिक्षकाचे वाचन वाढते, संशोधनाची शिस्त येते, शोधनिबंध लिहिले जातात. हा लाभ मोठा आहे. पण महाविद्यालयाबाहेर रुग्णाची जबाबदारी एकट्याने घेतलेला काळ त्याच्या खात्यावर कमी पडतो. बढतीसाठी अध्यापनाची वर्षे आणि प्रकाशने मोजली जातात. ग्रामीण रुग्णालयातील, क्रीडासंघाबरोबरच्या किंवा स्वतंत्र दवाखान्यातील कामाला तितके वजन मिळत नाही.

त्याचा परिणाम खुलताबादसारख्या तालुक्यात स्पष्ट दिसतो. येथील शेतात कापूस, मका आणि आले असते. वेचणी करणारी बाई कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून काम करते; निंदणी-खुरपणीला तासन् तास उकिडवी बसते. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी जोडपी डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढतात. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी संभाजीनगरहून हजारो लोक रात्रभर पायी येतात. वेरूळची वाट धरणारे वेगळेच. यांची कंबर, गुडघा आणि टाच ज्या कारणांनी दुखते, ती कारणे परदेशी पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत. खुर्चीवर बसण्या-उठण्यासाठी गुडघा साधारण 90 ते 100 अंश वाकला तरी भागते. उकिडवे बसायला किंवा मांडी घालायला तो त्याहून पुष्कळ अधिक वाकावा लागतो. गुडघ्याचे उद्दिष्ट खुर्चीपुरते ठेवले तर शहरातला रुग्ण बरा ठरतो आणि खुरपे धरणारी बाई अर्ध्यावर राहते. तिला दोन आठवडे विश्रांती घ्या असे सांगून उपयोग नसतो, कारण तेवढ्यात मजुरी बुडते. हे ज्याने शेताच्या बांधावर पाहिले आहे, तोच विद्यार्थ्याला उपचाराचे दुसरे गणित शिकवू शकतो. गंभीर रुग्णाला येथून संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात नेतात. तेथून घरी परतल्यावर महिनोन् महिने चालणारे व्यायाम मात्र गावातच व्हावे लागतात आणि त्यांची जबाबदारी घेणारा माणूस गावात क्वचितच असतो.

म्हणून प्राध्यापकांच्या नेमणुकीबाबत या परिषदेने तीन गोष्टी विद्यापीठांपुढे ठेवाव्यात. सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या नेमणुकीपूर्वी रुग्णालयातील किंवा समाजातील पूर्णवेळ कामाचा ठरावीक काळ आवश्यक असावा. सामुदायिक शाखेच्या शिक्षकांसाठी ग्रामीण रुग्णालयात नियमित दिवस नेमून द्यावेत, विद्यार्थ्यांनाही त्यांच्यासोबत पाठवावे आणि हे काम बढतीच्या वेळी अध्यापनाइतकेच मोजावे. आणि दीर्घ अनुभव असलेल्या, पण अध्यापनात नसलेल्या व्यावसायिकांना अभ्यागत प्राध्यापक म्हणून बोलावण्याची सोय नियमात असावी. याशिवाय, डॉक्टरांनी शिकवायचे पायाभूत विषय फिजिओथेरपिस्टाच्या गरजेनुसार मांडण्यासाठी दोन्ही गटांच्या शिक्षकांनी ते वर्ग मिळून आखावेत.

पहिल्या पिढीकडे पदव्या थोड्या होत्या आणि रुग्णांचा अनुभव मोठा होता. आजच्या पिढीकडे पदव्या आहेत, प्रयोगशाळा आहेत, संशोधनाची साधने आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच प्राध्यापकात याव्यात, इतकी तरतूद नेमणुकीच्या नियमांत झाली, तर पुढचा अभ्यासक्रम या भागातल्या रुग्णांकडे पाहून लिहिला जाईल.