दुर्गाची ‘दुगार्’ झाली तेव्हा

वीजकेंद्रात तीस वर्षं संगणक सांभाळले. त्यामुळे निवृत्तीनंतर चंद्रपूरच्या घरी संगणक घेतला तेव्हा वाटलं, हा तर हातचा मळ!

गडचिरोलीच्या मैत्रिणींनी वनहक्क दाव्यांच्या जुन्या याद्या पाठवल्या होत्या. उघडल्या, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी आकार बसवत. तो फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये ‘क’ला १९९१ पासून स्वतःचा क्रमांक आहे.

म्हणून रूपांतराचं सॉफ्टवेअर उतरवायला बसले. दोनदा वीज गेली. (वीजकेंद्राच्या गावात!) मग ओटीपी मागितला, तो गेला मुलाच्या मोबाइलवर. इंटरनेटची जोडणी ह्यांच्या नावावर. पेन्शन तेवढी माझी.

शेवटी रूपांतर झालं, पण रफार सरकले. दुर्गाची ‘दुगार्’! २००६ च्या कायद्याप्रमाणे विवाहितांचा हक्क नवराबायको दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. मग ‘दुगार्’ कोणाची बायको?

आता एकेक नाव फोनवर वाचून दुरुस्त करते आहे. अर्धी यादी बाकी आहे. सभा संपल्यावर वाचायला कोण थांबतंय?