थंड इंजिनाचं दुखणं

गगनबावड्याच्या थंडीत पहाटे ट्रक सुरू केला, की एखादं इंजिन अडखळतं, ‘मिसिंग’ करतं. डिझेलला ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच ते पेटतं. गार लोखंड तीच उष्णता ओढून घेतं. न जळलेलं डिझेल पांढऱ्या धुरातून बाहेर पडतं. धुक्यात तो दिसला नाही, तरी डोळ्यांना झोंबतो. इंजिन तापल्यावर धूर थांबला, तर नोझल, कॉम्प्रेशन आणि डिझेलच्या लाइनीत शिरलेली हवा तपासावी. जुन्या पंपाच्या गाडीत मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करून कान देतो. आवाज बदलला नाही, तर तोच सिलिंडर आजारी. कॉमन रेलच्या गाडीत मात्र नटाला हात लावू नये. तिथला दाब जीवघेणा असतो.

करूळ घाट गाडी गिअरमध्ये ठेवून उतरायचा. वाटेत इंजिन बंद पडलं, तर ब्रेकची हवा भरणंही थांबतं. दुखणं कळल्याशिवाय घाटाला लागू नये.