ब्राउझरला उत्तर का मिळत नाही?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पिंपळगाव रेणुकाई येथे केलेले भाषण)



मला संगणकावर बोलण्याची आज्ञा झाली आहे. संगणकाचे फायदे-तोटे सांगून मी आपला वेळ घेणार नाही. आपल्या संगणक कक्षात या वर्षी घडलेली एक हकीकत सांगतो, कारण तिच्यापायी एक हुशार मुलगी हा विषय सोडण्याच्या बेतात होती.

आपले गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. अकरावीतल्या या मुलीचे वडील मिरचीची गाडी चालवतात. सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही, हे तिने घरातच पाहिलेले. तिच्या मनात आले की भाव संगणकावर एका जागी लिहावा आणि तो कोणालाही मोबाईलवर दिसावा. त्यासाठी तिने पायथन भाषेत एक छोटा सॉकेट सर्व्हर लिहिला.

पालकांसाठी सांगतो, सॉकेट म्हणजे दोन आज्ञावलींनी एकमेकींशी बोलण्याची खिडकी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मंडळींनी १९८३ साली ४.२ बीएसडी या प्रणालीतून ती सर्वांपुढे आणली. संगणकाचा पत्ता हा बाजाराचा पत्ता समजला, तर पोर्ट क्रमांक म्हणजे गाळ्याचा क्रमांक.

तिने सर्व्हर सुरू करून मोबाईलच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकला. उत्तर आले, ‘कनेक्शन नाकारले’. दोन दिवस मी तारा बदलत बसलो, हेही येथे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. म्हणाले, “सर, हिला हे जमायचं नाही. विषय बदलून द्या.” मुलगी मान खाली घालून उभी होती. मी सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली.

मग आम्ही ‘चालत नाही’ हा शब्द वर्गात बंद केला. ब्राउझर नेमके काय म्हणतो, ते तसेच्या तसे वहीत लिहायचे ठरले. ‘नाकारले’ हे उत्तर क्षणात आले होते. म्हणजे निरोप संगणकापर्यंत बहुधा पोहोचला, पण त्या गाळ्यावर कोणी बसलेले नव्हते. बराच वेळ थांबून ‘वेळ संपली’ असे आले असते, तर संशय फायरवॉलवर किंवा चुकीच्या पत्त्यावर घ्यावा लागला असता. तिच्या आज्ञावलीत १२७.०.०.१ हा पत्ता होता. हा पत्ता म्हणजे ‘माझे स्वतःचे घर’. त्यावर बसलेला सर्व्हर त्याच संगणकाचे बोलणे ऐकतो, बाहेरच्याचे नाही. त्या जागी ०.०.०.० लिहिले आणि मोबाईल जोडला गेला. (मोबाईलवर ‘लोकलहोस्ट’ टाकणारेही भेटतात. तसे केले की मोबाईल स्वतःलाच शोधत बसतो!)

आता तक्रार बदलली, ‘अवैध प्रतिसाद’. मला आनंद झाला, तिला रडू आले. मी म्हटले, “बेटा, तक्रार बदलली म्हणजे आपण एक पाऊल पुढे आलो.” ती ब्राउझरला थेट भाव पाठवत होती. पण ब्राउझर एचटीटीपीचा रिवाज पाळतो. पहिली ओळ ‘एचटीटीपी/१.१ २०० ओके’, मग मजकुराचा प्रकार आणि लांबी, मग एक मोकळी ओळ, आणि त्यानंतरच मजकूर. ती मोकळी ओळ विसरली, तर मजकूरही मथळ्यातच गणला जातो.

हे झाल्यावर खरी गंमत पुढे होती. तिने नुसता ‘मिरची’ हा शब्द पाठवला. पडद्यावर ‘म’ आला आणि त्यापुढे एक प्रश्नचिन्ह. पायथनने त्या शब्दाची लांबी ५ सांगितली होती, तीच तिने लिहून दिली. परंतु ब्राउझर अक्षरे मोजत नाही, बाइट मोजतो. यूटीएफ-८ या लिपिसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, ३ बाइट घेते. म्हणून ‘मिरची’ १५ बाइटांची. इंग्रजी अक्षर एकाच बाइटात मावते, त्यामुळे इंग्रजी पुस्तकातल्या उदाहरणांत ही चूक दिसतच नाही. ती आपल्या मुलीला आपल्या भाषेत लिहिताना सापडली. आधी शब्दाचे बाइट करून मग मोजायचे, आणि मजकुराच्या प्रकारात यूटीएफ-८ असल्याचे कळवायचे, एवढाच उपाय. उलट लांबी खरीपेक्षा जास्त सांगितली, तर ब्राउझर उरलेल्या बाइटांची वाट पाहत चक्र फिरवत राहतो.

सोमवारी वडील आले. त्यांच्याच मोबाईलवर शब्द पूर्ण उमटला. बराच वेळ पाहून ते मुलीला म्हणाले, “आता भाव पण खरा टाकत जा.” विषय बदलण्याचा अर्ज माझ्या टेबलावरच राहिला.

एक दोष अजून शिल्लक आहे. दोन मोबाईल एकदम आले की दुसरा अडकतो. ब्राउझर कधीकधी जोडणी उघडून गप्प बसतो, आणि तिचा सर्व्हर एका वेळी एकाशीच बोलत असल्याने त्याच्यापाशीच थांबून राहतो. प्रत्येक जोडणीसाठी वेगळा धागा कसा चालवावा, हे ती सध्या शिकत आहे.

कार्यक्रमानंतर संगणक कक्ष उघडा आहे आणि पत्ता फळ्यावर लिहिला आहे. मोबाईल शाळेच्या वायफायला जोडून या आणि पत्त्याआधी ‘एचटीटीपी’ टाका, ‘एचटीटीपीएस’ नको. तिच्या सर्व्हरला ती कुलूपबंद भाषा अद्याप समजत नाही. आणि कृपा करून एकेकाने या.