दाताची कड आणि हिरडीचा पडदा
(मंडळात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात आम्हांस आरोग्यावर बोलण्याची आज्ञा झाली, आणि आम्ही दातावरची कॅप व तिच्याभोवतीची हिरडी हा विषय निवडला, तेव्हा काही मित्रांना हसू आवरले नाही. आम्ही दंतवैद्य नव्हे. इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि केंद्र सरकारच्या सेवेत फायली हाताळीत केस पांढरे केले. तथापि गेल्या काही वर्षांत आमच्या दोन दाढांवर कॅप बसल्या. एकीचे माप हिरडीत दोरा घालून घेतले गेले, दुसरीचे दोऱ्याविना. दोन्ही वेळी खुर्चीत आम्हीच होतो. फक्त ती खुर्ची आमच्या अधिकाराची नव्हती. त्या वेळी जे कळले आणि पुढे वाचून व विचारून जे पडताळले, तेच आपणापुढे ठेवीत आहोत.

कृत्रिम दात ही काही साहेबाने आणलेली वस्तू नव्हे. कनोजचा राजा जयचंद 1194 साली चंदावरच्या रणात पडला. हे चंदावर आपल्यापासून फार दूर नाही. आग्र्याच्या पुढे, फिरोजाबादजवळ, यमुनेच्या काठी आहे. प्रेतांच्या राशीत राजाचा देह ओळखू येईना, तो त्याच्या कृत्रिम दातांवरून ओळखला गेला, अशी हकीकत फेरिस्त्याच्या इतिहासात आढळते. हा फेरिस्ता अहमदनगर व विजापूर येथील दरबारांत वावरलेला; म्हणजे उत्तरेतल्या राजाचे दात दख्खनच्या बखरकाराने जपून ठेवले म्हणावयाचे!

आजची कॅप मात्र आपल्याच दाताच्या उरलेल्या खुंटावर बसते. रूट कॅनाल केलेली दाढ बहुधा पोखरलेली असते. ती चावताना फुटू नये म्हणून डॉक्टर तिला चोहोबाजूंनी घासून लहान करतात आणि खाली सभोवार एक बारीक पायरी ठेवतात. हीच दाताची कड. फायलीतील समास ज्याला पाळता येतो त्याला हिचे महत्त्व निराळे सांगावयास नको. कॅप या कडेवर इतकी नेमकी बसली पाहिजे की, वरून सुईचे टोक फिरविले तरी अडखळू नये. फट राहिली तर चिकटविण्याचे सिमेंट हळूहळू झिजते, लाळ व अन्नकण आत शिरतात, आणि वर कॅप चकाकत असताना खाली खुंट किडत जातो. रूट कॅनाल झालेल्या दाताची नस काढलेली असल्याने तो दुखूनही सांगत नाही. एके दिवशी कॅप खुंटासकट हातात येते.

आता अडचण अशी की, ही कड पुष्कळदा हिरडीच्या पडद्याआड असते. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये साधारण एक ते तीन मिलिमीटर खोल अशी खाच असते. जुनी कीड किंवा जुने सिमेंट तेथवर गेलेले असेल, अथवा पुढच्या दाताची कड दिसू नये अशी इच्छा असेल, तर कड त्या खाचेत उतरवावी लागते. मापाचा रबर कडेच्याही थोडा पलीकडे पोहोचला पाहिजे, आणि त्यासाठी सुमारे 0.2 मिलिमीटर जागा हवी. कार्यालयातील दोन कागद एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल तेवढीच! परंतु ती नसली तर रबराचा काठ पातळ होऊन फाटतो आणि तंत्रज्ञाला कड अंदाजाने काढावी लागते. आता माप कॅमेऱ्यानेही घेतात. पण जे प्रकाशाला दिसत नाही ते कॅमेऱ्यालाही दिसत नाही. हिरडी बाजूला सारणे त्यालाही चुकत नाही.

हे काम आजवर दोऱ्याने होत आले. औषधात भिजविलेला सुती दोरा बोथट हत्याराने खाचेत दाबीत दाताभोवती बसवावयाचा, काही मिनिटे ठेवावयाचा, आणि काढताच रबर भरावयाचा. कारण दोरा निघाल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर हिरडी पुन्हा मिटू लागते. हात हलका असेल तर हे उत्तम साधते. हात जड पडला तर खाचेच्या तळाशी हिरडी दाताला जेथे धरून असते ती नाजूक पकड दुखावते, रक्त येते, आणि कधी हिरडी कायमची खाली सरकते. आणखी एक बाब आमच्या वयाच्या मंडळींनी विशेष ध्यानात ठेवावी. काही दोऱ्यांत ॲड्रिनलिन असते. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा थायरॉईडचा अतिरेक असलेल्यांना असा दोरा वर्ज्य समजतात. यास्तव खुर्चीवर बसण्यापूर्वी आपल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांच्या हाती द्यावी. ‘दाताचा आणि हृदयाचा काय संबंध?’ असे म्हणून ती खिशातच ठेवणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत.

दोऱ्याविना जी पद्धत आली तिचे मुख्यतः दोन प्रकार. पहिला लेपाचा. केओलिन म्हणजे चिनी माती आणि ॲल्युमिनियम क्लोराईड यांची दाट पेस्ट बारीक नळीने खाचेत सोडतात. माती हिरडीला अलगद रेटते, क्षार रक्त थांबवितो. एक-दोन मिनिटांनी पाण्याच्या फवाऱ्याने लेप पूर्ण धुऊन काढावा लागतो. कण मागे राहिले तर माप बिघडते. दुसरा फुगणाऱ्या सिलिकॉनचा. दाताभोवती तो घालून वर कापसाची टोपी ठेवावयाची आणि रोग्याने सुमारे पाच मिनिटे दात मिटून बसावयाचे. सिलिकॉन फुगत खाच रुंद करते. यात रक्त थांबविणारे औषध मात्र नसते. आमच्या दुसऱ्या दाढेला लेप लावला. पहिल्या वेळी दोऱ्यामुळे दोन दिवस हिरडी ठणकत होती. या वेळी तोंडात तुरटीसारखी चव तेवढी राहिली.

म्हणून दोरा मोडीत निघाला असे मात्र कोणी समजू नये. कड खोल असेल तेथे लेपाचा जोर अपुरा पडतो आणि अनुभवी डॉक्टर आजही दोराच हाती घेतात. उलट कड हिरडीच्या वरच ठेवता आली तर दोराही नको आणि लेपही नको. मागच्या दाढांना ही सर्वांत शहाणपणाची वाट आहे, असे आमचे मत झाले आहे. नव्या वस्तूच्या जाहिरातीला भुलून ‘मला तेच लावा’ असा हट्ट धरणाऱ्यांनी एवढे विचारावे, की कड किती खोल आहे?

खरी गोष्ट याच्याही आधीची आहे. सुजलेल्या हिरडीपुढे दोराही हरतो आणि लेपही. ती स्पर्शासरशी रक्त सोडते, आणि ओल्या रक्तात रबर कड टिपू शकत नाही. शिवाय सूज पुढे उतरते, हिरडी आक्रसते, आणि लपविलेली कड उघडी पडते. म्हणून आधी दात साफ करून घ्यावे, घासण्याची रीत सुधारावी, आणि हिरडी फिकट गुलाबी व घट्ट होईपर्यंत थांबावे. यास दोन ते चार आठवडे, मधुमेह असल्यास अधिकही लागतात. तोवर खुंटावर नीट घडविलेली तात्पुरती कॅप असावी. ओबडधोबड असेल तर तीच हिरडीला बोचते. तंबाखू ओढणाऱ्यांची हिरडी आजारी असूनही रक्त कमी दाखविते, हेही सांगून ठेवतो.

येथे आम्ही आपल्या दुखऱ्या दाताला हात घालीत आहोत. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद येथे राहणारी आपली कुटुंबे दातांची कामे मे महिन्यासाठी राखून ठेवतात. झेलम किंवा गोवा एक्स्प्रेसने पुण्यास जावयाचे, आठ दिवसांत रूट कॅनाल, माप आणि कॅप उरकावयाची, नवव्या दिवशी परतीची गाडी. त्यामागचे कारण आम्ही हसण्यावारी नेत नाही. ठणका निराळा, कळ निराळी, सळसळ निराळी. हे भेद आपल्या भाषेतच नीट सांगता येतात, आणि ज्याने आपल्या आईचे दात पाहिले त्याच्यापुढे तोंड उघडताना भीती वाटत नाही. परंतु हिरडी रजेचा अर्ज वाचीत नाही. आपल्यातील एका ज्येष्ठ भगिनीने असाच पुढचा दात आठवड्यात करून आणला. दिवाळीपर्यंत हिरडी वर सरकली आणि कॅपच्या काठाशी काळसर रेघ दिसू लागली. हसताना त्या अजून पदर ओठाशी नेतात. तो डॉक्टर अकुशल होता असे आम्ही म्हणत नाही. त्याला वेळच दिला गेला नव्हता.

बहादूरशाह जफर मार्गावर मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था आहे. 1983 साली ती वैद्यकीय महाविद्यालयाची दंतशाखा म्हणून सुरू झाली. अन्सारी नगरात एम्सचे दंतकेंद्र आहे. तेथे रांगा असतात, हे खरे. पण पंधरा दिवसांनी पुन्हा हिरडी दाखवावयास जाण्याला तेथे आगगाडीचे आरक्षण लागत नाही. गावच्याच डॉक्टरांवर श्रद्धा असेल तर काम दोन फेऱ्यांत विभागावे: दिवाळीत सफाई आणि रूट कॅनाल, मे महिन्यात माप आणि कॅप. मधल्या काळात तात्पुरती कॅप निघाली वा झिजली तर ती दिल्लीत लगेच बसवून घ्यावी.

आमचे बोलणे येथे संपले. दुसऱ्या रांगेत मंडळाच्या सभासद असलेल्या एक दंतवैद्य भगिनी बसल्या आहेत. भाषणभर त्या दोनदा मान हलविताना दिसल्या; ती होकाराची होती की नकाराची, हे आता आपण त्यांनाच विचारावे. प्रश्नांची उत्तरेही त्यांच्याकडूनच घ्यावीत.