चारशे पस्तीस जोड्या



आजचा विषय संगणकाच्या प्रोग्रामचा आहे, पण सुरुवात खोडदपासून करतो. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावहून पूर्वेला वळलं, की थोड्याच वेळात शेतांच्या वर जाळीच्या अवाढव्य थाळ्या दिसू लागतात. हीच ती जीएमआरटी, आपल्या जुन्नर तालुक्यातली रेडिओ दुर्बीण. एकेक थाळी ४५ मीटर व्यासाची, आणि अशा ३० थाळ्या. त्यातल्या १४ खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरात दाटीनं उभ्या आहेत. उरलेल्या १६ तीन दिशांना, पार पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ही दुर्बीण आखली. तीस थाळ्यांकडून एकाच प्रचंड थाळीचं काम करून घ्यायचं, असा तो बेत.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या जगात सध्या याच बेताची चलती आहे. अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या, किंवा मंचरला, ओतूरला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्या मुलांना हे सांगायला नको. घरातल्या बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. क्लॉड कोडसारखा एखादा एआय सहायक असतो. त्याला साध्या भाषेत काम सांगायचं. तो फाइली वाचतो, कोड लिहितो, चालवून पाहतो. २०२५ मध्ये त्याच्या हाताखाली छोटे सहायक नेमायची सोय झाली, त्यांना एजंट म्हणतात. मग अशा एजंटांचा तयार संचच प्लगइन म्हणून मिळू लागला. एक हुकूम दिला की आखणी करणारा, लिहिणारा, चाचण्या घेणारा, चुका काढणारा अशी फौज दाखल.

फौजेचा खरा फायदा कुठे आहे? लोकांना वाटतं वेगात. माझ्या मते तो स्मरणात आहे. सहायकाला एका वेळी ठरावीक मजकूरच डोळ्यासमोर ठेवता येतो. शंभर फाइली वाचून झाल्या, की सुरुवातीला तुम्ही काय बजावलं होतं ते त्या ढिगात हरवायला लागतं. एजंटाची पाटी मात्र वेगळी असते. त्यानं शंभर फाइली चाळाव्यात आणि मुख्य सहायकाला दहा ओळींत सांगावं, की हिशोबाचं काम या फाइलीत होतं, अमुक ओळीपाशी. बाकीचा पसारा त्याच्याबरोबर पुसला जातो. एवढ्यासाठी एजंट ठेवला, तरी पैसे वसूल.

पण माणसाचा हात एवढ्यावर थांबत नाही. चार एजंटांनी बरं काम केलं, तर वीस जण किती करतील? फ्रेड ब्रूक्स नावाच्या अमेरिकी संगणकतज्ज्ञानं १९७५ मध्येच याचं उत्तर पुस्तकात लिहून ठेवलंय. रखडलेल्या कामावर आणखी माणसं घातली, तर ते आणखी रखडतं. माणसं वाढतात त्यापेक्षा त्यांच्यातल्या जोड्या फार झपाट्यानं वाढतात, आणि प्रत्येक जोडीला एकमेकांशी बोलावं लागतं. चार जणांच्या जोड्या सहा. तीस जणांच्या ४३५.

आता गंमत बघा. खोडदच्या तीस थाळ्यांच्या जोड्याही ४३५च होतात, आणि तिथे याच ४३५ जोड्या दुर्बिणीची कमाई आहेत. कुठल्याही दोन थाळ्यांमधलं अंतर आणि दिशा जशी असेल, तसा आकाशाच्या चित्राचा एक वेगळा तपशील त्या जोडीतून हाती येतो. मग प्रोग्रामरच्या डोक्याला जो ताप होतो, तो तिथे का होत नाही? कारण खोडदच्या थाळ्या आपसात बोलतच नाहीत. प्रत्येक थाळी तिला ऐकू आलेलं ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत पाठवते. जोड्या जुळवायचं काम तिथे कोरिलेटर नावाची यंत्रणा करते. २०१० च्या सुमाराला हेच काम नेहमीच्या संगणकांचा ताफा आणि सॉफ्टवेअर यांवर आणलं गेलं. पुढे दुर्बिणीचं मोठं नूतनीकरण झालं, तेव्हा एका वेळी ऐकायचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. तेव्हाही थाळ्या तीसच राहिल्या. सुधारणा झाली ती ऐकण्यात, वाहून नेण्यात आणि जुळवण्यात. फौज वाढवायला निघालेल्यांनी एवढं तरी जरूर पाहावं.

म्हणून एजंटांनाही एकमेकांशी गप्पा मारू देऊ नयेत. ज्यानं त्यानं आपलं काम करावं आणि थोडक्यात मुख्य सहायकाला कळवावं. शोधणं, वाचणं, चाचण्या चालवणं ही कामं चौघांनी एकाच वेळी केली तरी बिघडत नाही. लिहायचं काम मात्र एकाच हाती असावं. दोघांना लिहायला बसवायचंच असेल, तर दोघांच्या कामाचा सांधा आधी ठरवून द्यावा: कुठली माहिती जाईल, कुठल्या रूपात, कुठल्या एककात.

या एककावरूनच एक नमुना सांगतो. असा संच पारखायला मी कांद्याच्या पट्टीचा, म्हणजे आडतीवरच्या हिशोबाच्या कागदाचा, छोटा प्रोग्राम घेतला. वजन आणि भाव टाकायचा, हमाली, तोलाई, उचल, गाडीभाडं वजा करायचं, पट्टी छापायची. एका एजंटानं हिशोब लिहिला, दुसऱ्यानं चाचण्या, तिसऱ्यानं दोन्ही तपासून पसंतीची मोहोर मारली. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास. मग खरी पट्टी टाकली: वजन १२८४ किलो, भाव २१५. प्रोग्राम म्हणाला, एकूण रक्कम २७६० रुपये ६० पैसे. कागदावरच्या पट्टीत होते २७,६०६.

मंचर, ओतूर, जुन्नरच्या कांदा बाजारात भाव दहा किलोचा बोलला जातो, हे ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच सांगायला नको. तिन्ही एजंटांनी क्विंटल धरला होता, कारण लासलगावसह बहुतेक बाजारांच्या बातम्यांत भाव क्विंटलचाच येतो. आणि चाचण्या लिहिणाऱ्यानं नमुन्याचे भावही दोन हजाराच्या घरातले घेतले होते, म्हणून बेरीज चोख. तिघांचं एकमत होतं, आणि एकमतानं तिघं चुकले होते.

याचंही उत्तर खोडदला आहे. तिथे आकाशातला आवाज अतिशय क्षीण असतो. तेवढ्यात जवळपासचा एखादा मोबाइल मनोरा किंवा विजेची ठिणगी मध्ये बोलू लागते. दाटीनं उभ्या असलेल्या थाळ्यांना तो गोंगाट सारखाच ऐकू येतो आणि त्यांच्या जोड्या एकमतानं खोटी साक्ष देतात. दूर असलेल्या थाळ्यांच्या जोड्यांमध्ये तो बराचसा विरून जातो. एकाच एआय मॉडेलचे तीन एजंट म्हणजे त्या जवळच्या थाळ्या. एकच वाचन, एकच सवय, एकच बहिरेपणा. त्यांना एकमेकांचे परीक्षक नेमून काय हाती लागणार? फार तर टंकलेखनाच्या चुका.

खगोलशास्त्रज्ञ आणखी एक गोष्ट करतात. ज्याची तीव्रता आणि जागा पक्की ठाऊक आहे असा एखादा स्रोत निवडतात, निरीक्षणाच्या आधी आणि अधूनमधून थाळ्या त्याच्याकडे वळवतात, आणि येणाऱ्या उत्तरावरून प्रत्येक थाळीची चूक काढून दुरुस्त करतात. पट्टीच्या प्रोग्रामला तो स्रोत म्हणजे खऱ्या पट्ट्या. वीस-पंचवीस जुन्या पट्ट्या, नावं झाकून, आकडे जसेच्या तसे. एजंटानं स्वतः रचलेल्या चाचण्या असू देत, पण काम मंजूर व्हायचं ते या पट्ट्या पैशापर्यंत जुळल्यावर. फौज कितीही मोठी असो, ही फाइल माणसानंच तयार करावी लागते. आणि ती करायला आडतीवर जाऊन बसावं लागतं, त्याला प्लगइन नाही.

आता खर्चाचं. हे सहायक अनेकदा वापराच्या मापानं पैसे घेतात. मजकुराच्या तुकड्यांना टोकन म्हणतात, त्यावर बिल. अँथ्रॉपिक या कंपनीनं जून २०२५ मध्ये स्वतःच्या अनेक-एजंटी संशोधन यंत्रणेबद्दल लिहिलं, की साध्या संभाषणाच्या तुलनेत तिला सुमारे पंधरा पट टोकन लागतात. खरोखर समांतर चालतील अशी कामं संशोधनापेक्षा कोडिंगमध्ये कमी सापडतात, असंही त्यांनीच म्हटलंय. विकणारा स्वतः एवढं सांगतोय, तर घेणाऱ्यानं ऐकावं.

बचत कशी करायची? प्लगइन बसवल्यावर पहिल्याच दिवशी त्यातल्या एजंटांची यादी उघडा आणि लागत नाहीत ते काढून टाका. नुसती त्यांची ओळखपत्रंसुद्धा सहायकाच्या पाटीवर जागा अडवतात. शोधाशोधीला स्वस्त मॉडेल पुरतं, महागडं आखणीसाठी राखा. एजंटानं किती ओळींत उत्तर द्यायचं ते त्याच्या सूचनेत लिहा, नाहीतर तो हरदासाची कथा लावतो. आणि लहानसहान दुरुस्तीला फौज बोलावूच नका. एका फाइलीतली एक ओळ बदलायला चौघांची बैठक हा सरकारी थाट झाला.

मी स्वतः आता तिघंच ठेवले आहेत: शोधणारा, लिहिणारा, तपासणारा. शोधणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला फाइल बदलायची परवानगी नाही, बोट दाखवायची आहे. लिहिणारा सांधा बदलायला निघाला, तर मला विचारतो. आणि खऱ्या पट्ट्या ज्या फोल्डरमध्ये आहेत, तिथे लिहायची मुभा तिघांपैकी कुणालाच नाही.