उष्णतेचा हिशेब

विजेचं बिल हातात आलं की घरात पहिली ताकीद मिळते ती दिवे बंद करण्याची. ती योग्यच आहे. पण बिल फुगतं ते उजेडापेक्षा उष्णतेमुळे. काटकसर करायची, तर आधी घरात काय काय तापतं ते पाहायला हवं.

हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट पडतं. तेवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा शंभर तासांहून अधिक चालतो. उलट, आंघोळीचं २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला जवळजवळ अर्धं युनिट लागतं. रोज चार बादल्या धरल्या, तर महिन्याला ५५ ते ६० युनिटं आंघोळीच्या पाण्यावरच जातात. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांपुढे चढतो, हेही लक्षात ठेवा.

यातली बरीच वीज चंद्रपूर, कोराडीसारख्या केंद्रांत कोळशावर तयार होते. युनिटमागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो आणि त्याच्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्साच विजेत उतरतो. म्हणजे कोळशानं पाण्याची वाफ करायची, वाफेवर वीज काढायची आणि त्या विजेनं पुन्हा पाणीच तापवायचं! यात पैसाही जातो आणि हवाही बिघडते. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी उन्हात ठेवण्याची रीत आपल्याकडे आहेच. गच्ची असेल, तर सोलर हीटर हे त्याच शहाणपणाचं पुढचं पाऊल. ते शक्य नसेल, तर गिझर आंघोळीच्या थोडा आधी लावा, काम झालं की बंद करा आणि बादलीनं आंघोळ करा.

आता शेगडीकडे वळू. उघड्या पातेल्यात पाणी उकळलं की ते १०० अंशांच्या आसपासच राहतं. मग आच कितीही वाढवली तरी डाळ लवकर शिजत नाही, गॅस मात्र जळत राहतो. कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांच्या जवळ पोचतं, म्हणून अन्न लवकर शिजतं. तूरडाळ अर्धा तास आधी भिजवा, हरभरे आणि राजमा रात्रीच भिजत घाला. वरण, भात, बटाटे एकाच कुकरात लावा आणि दाब आला की आच बारीक करा. भाजीवर झाकण ठेवा. ज्योत पिवळी दिसू लागली, तर बर्नर साफ करून घ्या. १४.२ किलोचा तोच सिलिंडर मग जास्त दिवस पुरतो.

येत्या रविवारी मीटरचा आकडा वहीत लिहा. आठवडाभर या सवयी पाळा आणि पुढच्या रविवारी पुन्हा आकडा पाहा. ही वजाबाकी मुलांना करायला द्या. वीज आणि गॅस कुठे खर्च होतो हे त्यांना या वयात कळलं, तर पुढे स्वतःच्या घरात ती आपल्याहून नेटका संसार करतील, याची मला खात्री आहे.